‘नाही’ म्हणायला किती पौंड लागतात?

तुम्ही विचारलंत की एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबऱ्यांमधल्या एवढ्या हुशार, भरपूर वाचणाऱ्या, तोंडावर बोलणाऱ्या मुली शेवटी लग्नाभोवतीच का फिरतात? नायिकेला चांगला, शक्यतो श्रीमंत नवरा मिळाला की पुस्तक संपतं, मग या लेखिकांना बंडखोर का म्हणायचं? ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधल्या शार्लट ल्यूकसचा राग यावा की कीव, हेही तुम्हाला ठरवता येत नाही. आणि सुरुवात कुठल्या पुस्तकापासून करावी?

मी ही पुस्तकं बरीच वर्षं कॉलेजात शिकवत आले आहे आणि हे प्रश्न मला अगदी रास्त वाटतात. माझं उत्तर असं: नायिकेचं लग्न कुणाशी झालं हे थोडं बाजूला ठेवा. तिनं नकार कुणाला दिला, कुठल्या वेळी दिला आणि तेव्हा तिच्या नावावर किती पैसे होते, हे आधी शोधा. कथा कुठंतरी संपवायची असते म्हणून शेवटी होकार येतो. लेखिकेला जे म्हणायचं असतं ते तिनं नकाराच्या प्रसंगात घातलेलं असतं.

हे कळायला त्या काळचा कायदा ठाऊक हवा. तेव्हाच्या वाचकाला तो सांगायची गरज नव्हती, म्हणून कादंबऱ्यांत तो समजावून सांगितलेला नसतो. विल्यम ब्लॅकस्टोननं १७६५ मध्ये इंग्लंडच्या कायद्यावर भाष्य लिहायला घेतलं, त्यात तत्त्व स्वच्छ मांडलं आहे: लग्नानंतर नवरा-बायको कायद्यासमोर एकच व्यक्ती, आणि बायकोचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात सामावून जातं. व्यवहारात याचा अर्थ असा की तिची रोकड, तिचं सामानसुमान, तिनं कमावलेला पगार, सगळं त्याचं. तिच्या नावावरची जमीन त्याला तिच्या संमतीशिवाय विकता येत नसे, पण त्या जमिनीचं उत्पन्न त्याच्या खिशात जाई. तिला स्वतःच्या नावानं करार करता येत नसे की दावा लावता येत नसे. मुलांवर हक्क बापाचा. पुन्हा लग्न करता येईल असा पक्का घटस्फोट १८५७ पर्यंत फक्त संसदेत खास विधेयक मंजूर करवून मिळे. ‘हार्ड टाइम्स’ (१८५४) मधला गिरणीकामगार स्टीफन ब्लॅकपूल याबद्दल मालकाला विचारतो, तेव्हा त्याला खर्चाचा अंदाज मिळतो हजार ते दीड हजार पौंड, कदाचित त्याच्या दुप्पट.

याच कायद्याची दुसरी बाजू सहसा कुणी सांगत नाही. एकवीस वर्षं पूर्ण झालेली अविवाहित स्त्री आणि विधवा, या दोघींना मालमत्तेचे जवळजवळ पुरुषाइतकेच हक्क होते. म्हणजे हातात पैसा असेल तर लग्न न केलेली बाई इंग्लंडमध्ये सर्वांत मोकळी, आणि पैसा नसेल तर तीच सर्वांत असहाय. जेन ऑस्टिननं ‘एमा’मध्ये एकाच गावात या दोघी समोरासमोर ठेवल्या आहेत. एमा वुडहाऊसकडे तीस हजार पौंड आहेत आणि ती सरळ सांगते की बायका ज्या कारणांसाठी लग्न करतात त्यातलं एकही कारण तिला लागू नाही. मिस बेट्स दिवंगत पाद्र्याची मुलगी, प्रौढ, अविवाहित, म्हाताऱ्या आईबरोबर भाड्याच्या खोल्यांत राहणारी, शेजाऱ्यांनी पाठवलेल्या सफरचंदांवर आणि डुकराच्या मांसावर दिवस काढणारी. एमाचं मत असं की अविवाहितपणाची चेष्टा होते ती फक्त गरिबीमुळे. पुढे बॉक्स हिलच्या सहलीत ती मिस बेट्सचा सगळ्यांसमोर अपमान करते आणि तिचा जुना स्नेही नाइटली तिला त्याबद्दल कडक शब्दांत सुनावतो. त्याच्या बोलण्याचा रोख हाच आहे की मिस बेट्स तुझ्या बरोबरीची असती, निदान खाऊनपिऊन सुखी असती, तर मी हे सोडून दिलं असतं.

आता ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३). वर्गात मी हे पुस्तक सुरू करते तेव्हा पात्रांच्या स्वभावाआधी फळ्यावर रकमा लिहिते. नायिका एलिझाबेथचा बाप बेनेट. त्याची जमीन वर्षाला २,००० पौंड देते, पण ती एन्टेलखाली आहे, म्हणजे मुलगा नसेल तर ती पुढच्या पुरुष नातेवाइकाकडे, मिस्टर कॉलिन्सकडे जाणार. बेनेटनं बचत केली नाही, कारण मुलगा होईल, तो सज्ञान झाला की बापलेक मिळून ती अट मोडून काढतील, असा त्याचा हिशोब होता. झाल्या पाच मुली. लग्नाच्या करारानुसार आई आणि मुलींसाठी ठेवलेली रक्कम ५,००० पौंड. म्हणजे आईच्या पश्चात एलिझाबेथच्या वाट्याला सुमारे १,००० पौंड, चार टक्क्यांनी वर्षाला ४०. कॉलिन्स लग्नाची मागणी घालताना हा आकडा तिला तोंडावर ऐकवतो आणि उदारपणे सांगतो की याबद्दल मी कधी टोमणा मारणार नाही. तिनं नकार दिल्यावर तो पुढे म्हणतो की तुझी पुंजी इतकी थोडी आहे की तुला दुसरी मागणी येईल याची खात्री नाही. माणूस मूर्ख आहे, पण त्याचं गणित चुकलेलं नाही. हे गणित मिसेस बेनेटलाही कळतं, म्हणून ती आरडाओरडा करते. ती उथळ आहे हे खरं, पण बाप मेला की पाच मुली आणि त्यांची आई घराबाहेर, हे सतत बोलून दाखवणारं त्या घरात तीच एक माणूस आहे. बेनेटच्या विनोदांवर आपण हसतो आणि ज्यानं मुलींसाठी काहीच शिल्लक टाकलं नाही त्या बापाला सहज माफ करतो. मला ते कधी जमलं नाही.

एलिझाबेथ या परिस्थितीत आधी कॉलिन्सला नाही म्हणते, म्हणजे आपलं राहतं घर आईबहिणींसाठी वाचवायची संधी सोडते. मग डार्सीला नाही म्हणते, म्हणजे वर्षाला दहा हजार पौंड सोडते. तिच्याकडे तेव्हाही भविष्यातले ४० पौंड आहेत, त्याहून एक पैसा जास्त नाही. शेवटी ती डार्सीशी लग्न करते म्हणून हे सगळं गोड परीकथेसारखं वाटतं, पण त्या दोन नकारांच्या वेळी तिला शेवट माहीत नव्हता. डार्सीच्या पहिल्या मागणीत प्रेम आहे आणि त्याच दमात तिच्या घराण्याची लाजही आहे. ती त्याला उत्तर देते ते बरोबरीच्या माणसाला द्यावं तसं. पुढे डार्सीची मावशी लेडी कॅथरिन धमकवायला येते तेव्हाही ती हेच म्हणते: तो सभ्य गृहस्थ आहे, मी सभ्य गृहस्थाची मुलगी आहे. लक्षात घ्या, वर्ग नावाची गोष्ट ती नाकारत नाही. ती त्याच मोजपट्टीनं स्वतःला बरोबरीला बसवते. शेतमजुराच्या मुलीसाठी हे वाक्य तिनं उच्चारलं नसतं, आणि ऑस्टिनच्या जगाची ही मर्यादा आपण मोकळेपणानं मान्य करावी.

आणि एलिझाबेथची मैत्रीण शार्लट. वय सत्तावीस, रूप बेताचं, बाप सर विल्यम ल्यूकस, व्यापारात पैसा मिळवून ‘सर’ झालेला, पण मुलींना द्यायला फारसं काही नसलेला. ती कॉलिन्सला होकार देते तेव्हा ऑस्टिन एक वाक्य घालते जे बरेच वाचक ओलांडून पुढे जातात: तिच्या भावांना हायसं वाटतं की बहीण आता म्हातारी कुमारिका होऊन मरणार नाही. म्हणजे तिला जन्मभर पोसायची जबाबदारी टळली. शार्लटच्या निर्णयावर एलिझाबेथ चिडते. मात्र पुढे ती हन्सफर्डला तिच्या घरी राहायला जाते तेव्हा तिला दिसतं की शार्लटनं दिवसभर बसण्यासाठी घराच्या मागच्या बाजूची, कमी छान खोली निवडली आहे. कारण समोरची खोली घेतली असती तर नवरा रस्त्याकडे बघत तिथंच येऊन बसला असता. एवढ्या एका तपशिलात ऑस्टिननं शार्लटचा अख्खा संसार सांगितला आहे. माझ्या मनात तिच्याबद्दल राग नाही आणि कीवही नाही. तिला नकार परवडत नव्हता, हे तिला स्वतःला स्वच्छ दिसत होतं, आणि ज्या सौद्यात ती शिरली त्यात तिनं स्वतःसाठी एक खोली राखून ठेवली. मला तिच्याबद्दल आदर वाटतो.

ऑस्टिनला हे बाहेरून बघून सुचलेलं नव्हतं. २ डिसेंबर १८०२ ला हॅरिस बिग-विदर या मॅनीडाउन इस्टेटीच्या वारसानं तिला मागणी घातली. तिनं होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोडला. दोन आठवड्यांनी ती सत्तावीस वर्षांची होणार होती, शार्लटच्याच वयाची. १८०५ मध्ये वडील वारले आणि ती, आई आणि बहीण कॅसँड्रा भावांनी पाठवलेल्या पैशांवर, आज इथं उद्या तिथं अशा राहू लागल्या. १८०९ मध्ये भाऊ एडवर्डनं चॉटनचं घर दिलं तेव्हा कुठं बैठक मिळाली, आणि त्यानंतरच पुस्तकं छापून येऊ लागली. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे हक्क तिनं ११० पौंडांना विकले. १८१७ मध्ये भाचीला लिहिलेल्या पत्रात तिनं म्हटलं आहे की एकट्या बायकांना गरीब होण्याची भयंकर खोड असते आणि लग्नाच्या बाजूनं हा एक जबरदस्त युक्तिवाद आहे. नकाराची किंमत तिनं स्वतः भरली होती.

‘मॅन्सफील्ड पार्क’बद्दल (१८१४) एवढंच सांगते की फॅनी प्राइस तुम्हाला भित्री, रडूबाई वाटली असेल तर हेन्री क्रॉफर्डला तिनं दिलेला नकार पुन्हा वाचा. त्याची इस्टेट वर्षाला ४,००० पौंडांची, ती मावशीच्या घरी उपकारावर वाढलेली, आणि तिला समजावणारे सर थॉमस, मावशीचे यजमान, म्हणजे तिच्या जेवणाखाण्याचे मालक. ते तिला शिक्षा म्हणून पोर्ट्समथला आईबापांच्या गरीब, गलबल्याच्या घरी पाठवतात, गरिबी दिसली की अक्कल येईल म्हणून. ती तरी बधत नाही. ऑस्टिनच्या सगळ्या नायिकांत सर्वांत महागडा नकार हिचा आहे असं मला वाटतं.

ऑस्टिननंतर तीस वर्षांनी कादंबरीत एक नवी बाई मध्यभागी आली: गव्हर्नेस, म्हणजे श्रीमंतांच्या घरी राहून मुलांना शिकवणारी. पाद्री, लष्करी अधिकारी, दिवाळं निघालेले व्यापारी यांच्या मुलींना अब्रू राखून करता येईल असं जवळजवळ हेच काम होतं. ‘एमा’मध्येच जेन फेअरफॅक्स गव्हर्नेसच्या बाजाराची तुलना गुलामांच्या व्यापाराशी करते, आणि ती उगाच बोलणारी मुलगी नाही. शार्लट ब्राँटे आणि अॅन ब्राँटे या दोघी लेखिका बहिणींनी ही नोकरी केली होती. घरात जेवायला मालकांबरोबर बसायचं नाही, नोकरांबरोबरही बसायचं नाही. शिक्षण आणि बोलणं मालकिणीसारखं, पगार घरातल्या वरिष्ठ नोकरासारखा. शार्लटच्या नायिकेला, जेन एअरला लोवुडच्या शाळेत वर्षाला १५ पौंड मिळत, थॉर्नफील्डला ३०.

‘जेन एअर’ (१८४७) म्हटलं की थॉर्नफील्डच्या मालकावरचं, रॉचेस्टरवरचं प्रेम आठवतं. मला त्यातली एक दुर्लक्षित गोष्ट दाखवायची आहे. लग्न ठरल्यावर रॉचेस्टर तिला मिलकोटच्या दुकानांत नेतो, रेशमी कापडं घ्यायला लावतो, दागिने द्यायचं बोलतो. तिला ते असह्य होतं, ठेवलेल्या बाईसारखं वाटतं. घरी परतल्यावर ती मदिरा बेटावरच्या काकाला पत्र लिहिते, की मी लग्न करते आहे, आणि मनात म्हणते की थोडी जरी स्वतःची रक्कम असती तर हे सगळं सोसवलं असतं. ते पत्र मदिराला पोचतं तेव्हा योगायोगानं तिथं मेसन असतो, रॉचेस्टरच्या पहिल्या बायकोचा भाऊ. तो इंग्लंडला येतो आणि चर्चमध्ये लग्न थांबतं. म्हणजे जेनला खोट्या लग्नापासून वाचवते ती तिची स्वतःच्या पैशाची इच्छा. शार्लट ब्राँटेनं कथानकाचा सांधा नेमका तिथं बसवला आहे.

पुढचा नकार सगळ्यांना माहीत आहे: पहिली बायको जिवंत असताना रॉचेस्टरबरोबर राहायला जेन तयार होत नाही आणि पहाटे घर सोडते, खिशात वीस शिलिंग. त्याला घटस्फोट का घेता आला नाही असं विद्यार्थी विचारतात. वेडेपणा हे इंग्लंडमध्ये घटस्फोटाचं कारण थेट १९३७ च्या कायद्यानं झालं. आणि त्या वेड्या झालेल्या पहिल्या बायकोच्या, बर्था मेसनच्या बाजूनं बघितलं तर चित्र आणखी काळं आहे. रॉचेस्टरच्या बापाला इस्टेट वाटायची नव्हती, सगळी थोरल्या मुलाला द्यायची होती, म्हणून धाकट्याला जमैकाला पाठवून ३०,००० पौंड हुंडा असलेल्या मुलीशी त्याचं लग्न लावलं. तो पैसा कायद्यानं नवऱ्याचा झाला आणि बाई माडीवरच्या कुलूपबंद खोलीत गेली. थॉर्नफील्डच्या वैभवात वसाहतीतल्या मळ्यांचा पैसा आहे, हे पुस्तक दडवत नाही, पण त्यावर थांबतही नाही. आपण थांबलं पाहिजे.

त्यानंतरचा नकार सेंट जॉनला, तिच्या पाद्री आतेभावाला. तो तिला मिशनरीची बायको म्हणून हिंदुस्थानात नेऊ पाहतो, हिंदुस्थानी भाषासुद्धा शिकवायला घेतो. ती म्हणते, बहीण म्हणून, सहकारी म्हणून येईन, बायको म्हणून नाही. या वेळी मात्र फरक आहे. तोवर काकाचे २०,००० पौंड तिच्या नावावर आले आहेत आणि तिनं ते चार भावंडांत वाटून स्वतःकडे ५,००० ठेवले आहेत. ‘आता मी स्वतंत्र आहे’ असं ती रॉचेस्टरकडे परतल्यावर सांगते तेव्हा त्या वाक्याला आकडा आहे. एलिझाबेथ रिग्बी या समीक्षक बाईनं १८४८ च्या शेवटी या पुस्तकावर घणाघाती टीका केली आणि त्यात बंडाचा, युरोपात सिंहासनं उलथवणाऱ्या वृत्तीचा वास आला असं लिहिलं. तिनं पुस्तक नीट वाचलं होतं, असं मी म्हणेन. तिला ते आवडलं नाही, एवढंच.

अॅनची ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’ (१८४८) तुमच्या यादीत नसेल तर घाला. दारुड्या, व्यभिचारी नवऱ्याला हेलन हंटिंग्डन खोलीचं दार बंद करते आणि नंतर मुलाला घेऊन पळते, चित्रं विकून जगते. कायद्यानुसार तिनं दुसऱ्याचं मूल पळवलं होतं, आणि चित्रांचे पैसेही नवऱ्याचे होते. कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेची तीन मुलं तिच्या नवऱ्यानं १८३६ मध्ये हिरावली, तिनं पत्रकं काढून लढा दिला, आणि १८३९ मध्ये कायदा झाला की सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा आईला न्यायालयाकडे मागता येईल. अॅनची कथा त्या कायद्याच्या आधीच्या वर्षांत घडते. तिनं काळ विचार करून निवडला असणार.

शतकाच्या मध्याला या सगळ्याचं चळवळीत रूपांतर झालं. बार्बरा ली स्मिथनं १८५४ मध्ये बायकांविषयीच्या कायद्यांची एक छोटी पुस्तिका काढली, सोप्या भाषेत, आणि १८५६ मध्ये विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेसाठी संसदेकडे अर्ज गेला. त्यावर एलिझाबेथ गॅस्केलची सही आहे. तिला एका कथेचे २० पौंड आले तेव्हा नवऱ्यानं ते शांतपणे खिशात घालून बटण लावलं, असं तिनं पत्रात लिहून ठेवलं आहे. नवरा वाईट नव्हता, पाद्री होता, गरिबांसाठी राबणारा होता. पैसा त्याचाच होता, इतकंच. हे पत्र मनात ठेवून तिच्या ‘नॉर्थ अँड साउथ’चा शेवट वाचा. मार्गारेट हेलनं आधी गिरणीमालक थॉर्नटनला नाकारलेलं आहे. शेवटी तो कर्जात बुडाला आहे, तिला वारसा मिळाला आहे, आणि ती त्याच्यासमोर कागद पसरून सांगते की माझे १८,०५७ पौंड बँकेत अडीच टक्क्यांवर पडून आहेत, तुम्ही जास्त व्याज देऊन ते वापरा. प्रेमाची कबुली या हिशोबाच्या मधोमध येते. गॅस्केलनं शेवटचे ५७ पौंडसुद्धा गाळले नाहीत.

१८५७ च्या घटस्फोट कायद्यानं प्रश्न न्यायालयात आला, पण मोजपट्टी वेगळी राहिली: नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे, बायकोला व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा सोडून जाणं असं आणखी काही सिद्ध करावं लागे. हा फरक १९२३ पर्यंत टिकला. १८७० मध्ये विवाहितेची कमाई तिची झाली आणि १८८२ मध्ये तिची सगळी मालमत्ता.

विल्की कॉलिन्सची ‘द वूमन इन व्हाइट’ (१८६०) या दोन टप्प्यांच्या मधली आहे आणि रहस्यकथा म्हणून वाचली जाते. माझ्या मते तिच्यातलं रहस्य एका लग्नाच्या करारात आहे. लॉरा फेअरलीकडे २०,००० पौंड आहेत. घरचा वकील गिल्मोर सांगतो की मूल नसताना ती आधी मेली तर ती रक्कम कुणाला जावी हे ठरवायचा हक्क तिचा हवा. तिच्याशी लग्न करणाऱ्या सर पर्सिव्हलचा वकील म्हणतो, ती सगळी नवऱ्यालाच मिळाली पाहिजे. लॉरा अजून एकवीसची नाही आणि तिचा पालक असलेला काका आळशी, आत्ममग्न, कटकट नको म्हणून मान डोलावणारा. गिल्मोर नाइलाजानं तसा करार तयार करतो आणि म्हणतो की माझी मुलगी असती तर असल्या कराराखाली मी तिचं लग्न कुणाशीही होऊ दिलं नसतं. त्या एका कलमानं बायकोचं मरण नवऱ्याला वीस हजारांचं झालं. पुढे पर्सिव्हल घडी घातलेला कागद पुढे करून वाचू न देता सही मागतो आणि ही नाजूक, घाबरट लॉरा म्हणते, काय लिहिलंय ते सांगितल्याशिवाय सही करणार नाही. श्रीमंत घराण्यांनी मुलींच्या पैशाला जी विश्वस्तांची कुंपणं घातली होती, ती घालणारे हात पुरुषांचे होते आणि एक आळशी काका ती पाडू शकत होता.

जॉर्ज एलियटवर स्वतंत्र लिहावं लागेल. ‘मिडलमार्च’मध्ये (१८७१-७२) मेलेला कॅसॉबन मृत्युपत्राच्या पुरवणीतून बायकोवर पहारा ठेवतो: विल लॅडिस्लॉशी लग्न केलंस तर माझी इस्टेट गेली. डोरोथिया शेवटी ती सोडते. तिला ते जमतं, कारण आईवडिलांकडून आलेले वर्षाला ७०० पौंड तिचे स्वतःचे आहेत. त्या आवेगाच्या क्षणी ती म्हणते की मला नवे कपडे नकोत, आणि कुठल्या वस्तूची काय किंमत असते ते मी शिकून घेईन. माझ्या लेखी सबंध शतकातल्या प्रेमप्रसंगांत याहून सुंदर वाक्य नाही. उलट ‘डॅनियल डेरोंडा’तली (१८७६) ग्वेंडोलेन. घराचे पैसे बुडतात, बिशपच्या घरी गव्हर्नेस व्हायची वेळ येते, आणि ग्रँडकोर्टला मुलं असलेली एक बाई आहे हे माहीत असून, त्याच्याशी लग्न न करण्याचा तिला शब्द दिलेला असूनही, ग्वेंडोलेन त्याला होकार देते. द्यायला हवा होता तो नकार तिनं दिला नाही, आणि उरलेलं अख्खं पुस्तक त्याच्या परिणामांचं आहे.

आता वर्गाचा प्रश्न, कारण तुमच्या प्रश्नात तो अर्धवट आलाय. वर सांगितलेल्या सगळ्या बायका कुठल्या ना कुठल्या अर्थानं सभ्य गृहस्थांच्या मुली आहेत. त्यांच्या नकाराला निदान कुणीतरी ऐकतं. थॉमस हार्डीच्या टेसचं (१८९१) तसं नाही. फिरता किरकोळ धंदा करणाऱ्या बापाची ती मुलगी. घोडा मेला तर घराचं पोट बंद. जंगलातल्या एका रात्री अॅलेक हा श्रीमंत तरुण तिला काही विचारतच नाही. नंतर ती त्याला नाही म्हणते, पुन्हा पुन्हा म्हणते, हातमोजा तोंडावर मारून म्हणते. तिला मोडतं ते एक भाडेपट्ट्याचं कलम. त्यांचं घर तीन ठरावीक माणसांच्या हयातीवर दिलेलं होतं, आणि बाप त्यातला शेवटचा. बाप मेला तसा पट्टा संपला आणि आई व लहान भावंडं रस्त्यावर आली. मग ती अॅलेककडे जाते. बेनेटच्या मुलींवर जी टांगती तलवार होती ती इथं खरोखर पडते, आणि वाचवायला कुणी डार्सी येत नाही. हार्डीला लोक नियतीवादी म्हणतात. मला वाटतं, त्यानं ती नियती बरीचशी जमीनमालकाच्या दप्तरातून उतरवून घेतली आहे.

या विषयाचा आपल्याशी असलेला एक धागा खरा आहे. मुंबईत १८८४ मध्ये दादाजी भिकाजीनं रखमाबाईवर दावा लावला, बालपणी लग्न झालेली बायको नांदायला येत नाही म्हणून. नांदायला भाग पाडणारा हा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नव्हता, तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून इथं आला होता. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये तिच्या बाजूनं निकाल देताना हे नमूद केलं. इंग्लंडमध्ये १८८४ मध्येच असा हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद रद्द झाली होती. तरीही मार्च १८८७ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती फॅरन यांनी तिला महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, असा हुकूम दिला. तिनं कैद पसंत केली. १८८८ मध्ये दादाजीनं २,००० रुपये घेऊन तडजोड केली आणि रखमाबाई लंडनला डॉक्टर व्हायला गेली. तेव्हा इंग्रजी वृत्तपत्रांत हिंदू चालीरीतींच्या मागासपणावर रकानेच्या रकाने लिहिले गेले, पण तिच्या डोक्यावर टांगलेला कायदा हेलन हंटिंग्डनच्या देशातून आला होता.

वाचायचा क्रम विचारलात तर ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ पुन्हा एकदा, हातात पेन्सिल घेऊन, प्रत्येक रकमेखाली रेघ ओढत वाचा. मग ‘जेन एअर’, मग ‘द टेनंट’, मग ‘नॉर्थ अँड साउथ’. ‘मिडलमार्च’ला सवडीची सुट्टी लागेल, घाई करू नका. ‘टेस’ सर्वांत शेवटी ठेवा, म्हणजे आधीच्या नायिकांना काय काय मिळालेलं होतं ते तिच्याजवळ आल्यावर कळेल. आणि मध्ये कधीही ‘द वूमन इन व्हाइट’ घेतलंत, तर वकील गिल्मोरचा भाग रुक्ष वाटतो म्हणून पानं उलटू नका. रकमा आणि करारातली कलमं येतात तिथं सावकाश वाचा.